कडुनिंबाचं कालचं पाणी

माझ्या पर्समध्ये अजूनही एक काळं फडकं असतं. रुमालाएवढं, सुती, चारही बाजूंनी दुमडून शिवलेलं. निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी ते काढून ठेवायला हात होत नाही. मागे यवतमाळला एका लग्नात रुमाल समजून मी त्यानंच तोंड पुसलं. शेजारी बसलेल्या नवरीच्या मावशीनं विचारलं, "हा काळा रुमाल कायले वापरता जी तुमी?" मी खरं ते सांगितलं, की हा माझा नाही, गाईचा आहे. जेवणाच्या वेळी ती बाई माझ्यापासून चार पानं दूर जाऊन बसली.

त्या फडक्याचं काम साधं आहे. धार काढण्याआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन चिळकांड्या त्याच्यावर मारायच्या. दूध निरोगी असेल तर कापडातून गळून जातं. सडाला आतून आजार लागला असेल, तर काळ्यावर पांढरे कण राहतात, भिजल्या रव्यासारखे. दुधाच्या बादलीत ते कधीच दिसत नाहीत. गाय खात असते, रवंथ करत असते, वासराला चाटत असते, आणि आत आजार बसलेला असतो. मग एका सकाळी कास लाल होते, गरम लागते, आणि पुढे दगडासारखी टणक होते. म्हणूनच आपल्याकडे या आजाराला दगडी म्हणतात. वेळेवर आटोक्यात आला नाही तर तो सड कायमचा आटतो.

मी पशुवैद्य. दिग्रस, महागाव आणि शेवटी यवतमाळ, एवढ्याच टापूत माझी सगळी नोकरी झाली. लोकांना वाटतं, आमच्या कामात मोठं काम म्हणजे अडलेली गाय सोडवणं, फुगलेलं पोट उतरवणं. ते मीही पुष्कळ केलं, आणि त्याचे फोटोही आहेत. पण खरा अभिमान मला वाटतो तो न झालेल्या दगडीचा. न झालेल्या आजाराचा फोटो निघत नाही. त्यामुळे तो इथं लिहून ठेवते.

आधी कासेबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. कास बाहेरून एक दिसते, पण आत चार वेगळ्या खोल्या असतात. एका खोलीतलं दूध दुसरीत जात नाही. प्रत्येक खोलीचा एक सड, आणि सडाच्या टोकाला एक बारीक दार. धार काढून झाली की ते दार लगेच लागत नाही, अर्धा तास तरी उघडं राहतं. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली की जंतूंना रस्ता मिळाला. म्हणून धार झाल्याबरोबर तिच्यासमोर कुटार, म्हणजे सुका चारा, टाकायचं. ती खात उभी राहते आणि दार लागून जातं. याला औषध लागत नाही की डॉक्टर लागत नाही. तरी लोक कुटार आधी टाकतात, कारण खाण्यात गुंतलेली गाय लाथ मारत नाही. ज्याच्या गुडघ्याला लाथ बसायची असते, त्याचं म्हणणंही मला कधी चूक वाटलं नाही.

माझे वडील दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. आईनं एक गावरान गाय पाळली होती, मैना. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. शाळेतल्या गुरुजींनी अर्ज भरून दिला, वडिलांनी गावात मिळेल त्याला "पोरगी डाक्टर होऊन राह्यली" असं सांगितलं, आणि कोणाची डॉक्टर हे मात्र बरीच वर्षं सांगितलं नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुटीत मी घरी आले, तेव्हा आई मैनाच्या कासेला काहीतरी लाल फासत होती.

"हे काय लावून राह्यली?"

"कोरफड, हळद न चुना. कास गरम लागते सकाळपासून."

"याच्यानं काय होते? याले इंजेक्शन लागते."

आई थांबली नाही. "तू डाक्टर होऊन ये, मंग सांग. तवरक हे गाय थांबन का?"

मैना बरी झाली. मी म्हटलं, आपोआप बरी झाली असेल. पुढं नोकरीला वीस वर्षं होत आली, तेव्हा आम्हाला एका प्रशिक्षणाला बोलावलं. तिथं छापील पुस्तिकेत तेच मिश्रण होतं, प्रमाणासकट. कोरफडीचं जाड पान, हळद, थोडा खायचा चुना, एकत्र वाटायचं. वाटताना ते लाल होतं. कास पूर्ण पिळून, धुऊन, मग लेप पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा लावायचं. मी ती पुस्तिका घरी नेऊन आईला वाचून दाखवली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चुना जरा जास्त सांगतला यायनं."

तेव्हापासून मी झाडपाल्याच्या बाजूची झाले. आंधळेपणानं नाही. गाईला ताप असेल, दुधातून रक्त किंवा पू येत असेल, तर इंजेक्शनच द्यावं लागतं आणि मी ते दिलं. पण दगडीचं निम्मं काम ती होण्याआधी करायचं असतं, आणि तिथं कडुनिंब, हळद, कोरफड आपल्या दारात उभी असतात. धारेआधी कडुनिंबाच्या पाल्याच्या उकळलेल्या पाण्यानं सड धुवायचे, कोरडे करायचे, धारेनंतर निंबोळीच्या तेलात हळद घालून सडाच्या टोकाला लावायची. हे मी गावोगाव सांगत फिरले.

सगळ्यांना ते पटलं असं नाही. दिग्रसला कापसाचे एक व्यापारी होते. त्यांच्याकडे मोठी संकरित गाय होती. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, झाडपाला आमच्या आज्यानंही केला. मंग तुमाले सरकार पगार कायचा देते?"

मी म्हटलं, "इंजेक्शन आजार झाल्यावर देतात. झालाच नाही तर कायले टोचायचं?"

"मंग झाल्यावर बोलावतो."

बोलावलं. तीन महिन्यांनी. गाय वाचली, एक सड गेला. ते व्यापारी चूक झाली वगैरे काही म्हणाले नाहीत. फाटकापर्यंत सोडायला आले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "थे कोरफड कोणत्या नर्सरीत भेटते म्हणे?" त्यांच्याच कंपाउंडच्या भिंतीला लागून ती रांगेनं वाढलेली होती. मी बोटानं दाखवली.

आणि पटलं तरी अडचणी येतच. एक बाई तक्रार घेऊन दवाखान्यात आली, की माझं वासरू थानाला तोंड लावत नाही, त्यामुळे गाय पान्हवत नाही. तपासलं, वासरू ठणठणीत. गाय ठणठणीत. मग लक्षात आलं. संध्याकाळी लावलेलं निंबोळीचं तेल नुसत्या पाण्यानं निघत नाही, सकाळी चोळून धुवायचं असतं, हे सांगायचं मी विसरले होते. बाईनं ते श्रद्धेनं दोन्ही वेळ लावलं होतं आणि एकदाही चोळून धुतलं नव्हतं. वासराला वाटलं असेल, आईचं डोकं फिरलं. ही चूक हसण्यावारी गेली. दुसरी गेली नाही. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले.

महागाव तालुक्यातलं ते गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक त्या गावाची नव्हती.

त्या गावात सिंधू नावाची एक सून होती. घरची शेती कापूस-तुरीची. दुधाचा धंदा त्या घरात कोणी केलेला नव्हता. सिंधूनं हट्टानं एक संकरित गाय आणली, पांढरीशुभ्र, नाव चांदी. सासऱ्यांना ते अजिबात आवडलं नव्हतं. त्यांना सगळं गाव मामाजी म्हणत असे, सून म्हणते म्हणून. उंच, वाळलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आपल्याला पऱ्हाटी, म्हणजे कापूस, कळते, दूध कळत नाही. पण चांदीनं पहिल्याच वेतात बरं दूध दिलं आणि सिंधूचं पाहून आणखी चौघीजणींनी गाई आणल्या. प्रत्येकीच्या घरी गोठ्याला जागा नव्हती. मामाजींच्या घरामागं मोकळी जागा होती. ते "हो" म्हणाले नाहीत, पण "नाही"ही म्हणाले नाहीत. तिथं पत्र्याचा एक गोठा उभा राहिला आणि पाच जणींच्या आठ गाई एका ओळीत बांधल्या गेल्या.

त्याआधीच, गोठा झाला नव्हता तेव्हा, चांदीला एकदा दगडी होऊन गेली होती. मागचा उजवा सड आटला होता. त्यामुळे त्या बायका माझं बोलणं मन लावून ऐकत. मी कडुनिंबाचं पाणी कसं करायचं ते करून दाखवलं. पण पहाटे पाचला धारा, त्याच्या आधी चूल पेटवून पाणी उकळायचं कोणी? मामाजी झोपेतून लवकर उठत. खाटेवरूनच म्हणाले, "मी ठेवतो. तशीही मले झोप येत नाही."

जर्मनचा एक मोठा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, लग्नाकार्यात भातासाठी वापरतात तसलं, ते त्यांनी गोठ्याच्या कोपऱ्यातल्या चुलीवर चढवलं. तो गंज पुढं त्यांचाच झाला. दुसरं कोणी झाकण उघडलेलं त्यांना चालत नसे.

महिन्याभरानं मी गेले, तेव्हा गंजातलं पाणी कोऱ्या चहासारखं काळं झालं होतं. मला आनंद झाला. पाला भरपूर घातला असेल, चांगलं उकळलं असेल, असं मी धरून चालले. म्हटलं, "वा मामाजी, असा रंग पाहिजे. असं कडू कोणत्याच गावात निघत नाही." त्यांचा चेहरा हलला नाही. मी मोबाईलवर गंजाचा फोटो काढला आणि यवतमाळच्या एका शिबिरात मोठ्या पडद्यावर दाखवला. सांगितलं, हे बघा, पाणी असं हवं.

दोन महिने बरे गेले. मग सिंधूचा फोन आला. "मॅडम, बाजूच्या गंगूबाईच्या गाईचा सड सुजला." मी गेले, औषध दिलं, लेप दिला. आठ दिवसांनी दुसरी गाय. मग तिसरी. मी गोठा पाहिला. तळ कोरडा होता, शेण उचललेलं होतं, कुटार धारेनंतर टाकत होत्या. सगळं मी सांगितलं तसंच. दुधाची तपासणी केली. कपडे धुवायची पावडर पाण्यात विरघळवायची आणि तेवढंच दूध त्यात मिसळायचं. निरोगी दूध पातळच राहतं, आजारी दूध शेंबडासारखं घट्ट होतं. आठांपैकी पाच गाईंचं दूध घट्ट झालं. बाहेरून मात्र तिघींचाच आजार दिसत होता.

त्या पाचांत चांदी होती. तिचा दुसरा सड, मागचा डावा.

मला तेव्हा जे वाटलं ते भीतीसारखं होतं. एक सड गेलेली गाय लोक ठेवतात. दोन गेलेली ठेवत नाहीत. मामाजी खाटेवर बसले होते. त्यांनी सुनेकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं.

"मॅडम, चांदीले मंगळवारच्या बाजारात नेतो."

सिंधू म्हणाली, "मामाजी, गाय माही हाय."

"तुयीच हाय. म्हणून तर आतापर्यंत बोललो नाही. तुयं पाहून चौघीनं घेतल्या. उद्या त्यायच्या घरचे मले इचारतीन, काहून बुडवलं आमाले?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "राग नका मानू. पण तुमच्या पाण्याच्या आंधी एक गाय आजारी होती. आता पाच हायेत."

हिशेब बरोबर होता. मी फक्त म्हटलं, "मंगळवारपर्यंत थांबा."

"बाजार मंगळवारीच हाय. त्याच्या आंधी कुठं नेतो?"

तो दिवस बुधवार होता. परत येताना एसटीत बसून मी सगळं पुन्हा आठवत होते आणि एका जागी अडकले. मी त्या गोठ्यात सात-आठ वेळा जाऊन आले होते, प्रत्येक वेळी सकाळी अकराला. धारा निघतात पाचला. गोठा मी पाहिला होता, गाई पाहिल्या होत्या, कास पाहिली होती. धार काढताना मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी हजारो गाई तपासल्या, पण धारा किती पाहिल्या, ते मोजायला हाताची बोटं पुरली असती. दवाखान्याची वेळ आणि गाईची वेळ जुळत नाही, हे त्याचं कारण आहे. सबबही तीच आहे.

गुरुवारी शेवटच्या गाडीनं मी गावात गेले आणि सिंधूच्या घरी मुक्काम केला. पहाटे उठून गोठ्यात गेले तेव्हा मामाजी चुलीपाशी होते. मला पाहून त्यांनी मान हलवली. मी एका बाजूला बसून राहिले.

त्यांनी गंजाचं झाकण काढलं. आत आदल्या दिवशीचं पाणी निम्म्याच्या वर होतं. त्यांनी दोन तांबे ताजं पाणी ओतलं, मूठभर नवा पाला टाकला, खाली चार काड्या सारल्या. पाणी हाताला कोमट लागलं तसा जाळ मागं ओढला. पाणी उकळलं नाही. मग बायका आल्या. गंजात एक जुन्या धोतराचं फडकं बुडवून ठेवलेलं होतं. पहिलीनं ते पिळलं, आपल्या गाईचे सड पुसले आणि फडकं परत गंजात टाकलं. दुसरीनं ते उचललं. मग तिसरीनं. फडकं आठही गाईंना फिरून आलं आणि गंजात जाऊन बसलं. मामाजींनी झाकण लावलं.

मी उठून गेले आणि म्हटलं, "मामाजी, एक मिनिट उघडू का?"

त्यांनी स्वतः उघडलं. वास कडू नव्हता, आंबट होता. गंजाच्या आतल्या कडेवरून मी बोट फिरवलं. बुळबुळीत लागलं.

"हे पाणी किती दिवसांचं आहे?"

"पहिल्या दिवसापासूनचंच हाय," ते म्हणाले. "कमी झालं का टाकतो. फेकलं नाही कधी."

"फेकलं काहून नाही?"

त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. "औषध कोणी फेकते का? जुना गूळ, जुनं तूप, जुनं लोणचं, सारं जुनंच गुणकारी असते. अन् तुमीच तर म्हणलं होतं, असा रंग पाहिजे. तुमी फोटो काढला. मले वाटलं, बाई खूश झाली, तर अजून काळं करू."

मी तिथंच चुलीपाशी खाली बसले. आजारी गाईच्या सडावरचे जंतू फडक्यावर, फडक्यावरून कोमट पाण्यात, पाण्यातून पुढच्या गाईला. दररोज, दोन वेळा. आठ गाईंना एकत्र आजारी पाडण्याची याहून चांगली सोय माझ्याकडं कोणी मागितली असती, तर मला जमली नसती. आणि ती सोय माझ्या कौतुकानं झाली होती. हा माणूस, ज्याला दुधाचा धंदा आवडत नव्हता, तो माझ्या एका वाक्यासाठी तीन महिने गंज जपत होता.

धारा झाल्यावर मी पाचही जणींना बसवलं आणि सांगितलं. चूक माझी आहे. पाणी रोज नवं करायचं, उकळी फुटेपर्यंत तापवायचं, उरलेलं फेकायचं, प्रत्येक गाईला वेगळं फडकं, हे मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही आणि नुसता रंग पाहून शाबासकी दिली.

मग गंगूबाई म्हणाली, "बाप्पा, डाक्टर लोकं असं बोलतात काय?"

"बोलत नाहीत," मी म्हटलं. "म्हणून तर गाई मरतात."

मामाजींनी गंज उचलला, अंगणाच्या कडेला नेला आणि पालथा केला. राखेनं घासायला बसले. सिंधू मदतीला गेली तर तिला म्हणाले, "तू फडके फाड."

त्यांचं एक जुनं धोतर होतं, त्याचे आठ तुकडे झाले. ते उकळले, दोरीवर उन्हात वाळत टाकले. कोणाचं कोणतं ते कळावं म्हणून प्रत्येकीनं कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं टाका घातला. चांदीचा लाल. धारेचा क्रम बदलला. निरोगी गाई आधी, आजारी शेवटी, आणि मधे हात साबणानं धुवायचे. दोन गाईंना ताप होता, त्यांना इंजेक्शनं सुरू केली आणि त्यांचं दूध बाजूला काढायला सांगितलं. चांदीला ताप नव्हता. तिला मी कोरफड-हळद-चुन्याचा लेप ठेवला, दिवसातून दहा वेळा. लावण्याआधी प्रत्येक वेळी कास पूर्ण पिळून रिकामी करायची. सिंधूनं ते केलं. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी. तिचे हात कोपरापर्यंत लालपिवळे झाले होते.

मी घरी गेले नाही. कार्यालयात रजेचा निरोप दिला. मला माहीत होतं, लेपानं सुरुवातीची दगडी पुष्कळदा उतरते, पण प्रत्येक वेळी नाही. सोमवारी कास मऊ लागत होती. दुधात मात्र अजून कण दिसत होते, थोडे. मी ते सिंधूपासून लपवले नाहीत. ती म्हणाली, "उद्या पाहू."

मंगळवारी पहाटे मामाजींनी बाजाराचा दोर खांद्यावर टाकला होता. मला दिसावा म्हणून नव्हे, त्यांनी ठरवलं होतं म्हणून. गंजातलं नवं पाणी उकळून निवायला ठेवलेलं होतं, हिरवट आणि स्वच्छ. सिंधूनं लाल टाक्याच्या फडक्यानं सड धुतले, पुसून कोरडे केले. मी पर्समधून काळं फडकं काढलं.

मामाजी म्हणाले, "आणा इकडं."

"तुम्हाला धार काढता येते?"

"माह्या मायनं म्हशी पाळल्या होत्या. आमच्या बापानं इकल्या, तवापासून हात लावला नाही." ते चांदीजवळ उकिडवे बसले. कापडाचं एक टोक सिंधूनं धरलं, एक मी. मागचा डावा सड त्यांनी धरला, अंगठा न दुमडता, पूर्ण मुठीत, जसा धरायला हवा तसा. तीन चिळकांड्या मारल्या. दूध काळ्या कापडातून गळून गेलं. त्यांनी कापड उजेडाकडं धरलं, उलटसुलट करून पाहिलं. त्यावर काहीच नव्हतं. आणखी तीन मारल्या. काहीच नाही.

सिंधू रडली नाही. मलाच डोळे पुसावे लागले, आणि हाताशी ते काळं फडकंच होतं.

मामाजींनी खांद्यावरचा दोर काढून खुंटीला टांगला. म्हणाले, "बाजारात आज गर्दीच असन बाप्पा."

त्यानंतर बाकीच्या गाईंना महिनाभर लागला. एकीचा एक सड गेला. तो वाचला नाही, आणि तो माझ्या खात्यावर आहे, हे मी विसरले नाही. पण पुढं त्या गोठ्यात मी असेपर्यंत नवी दगडी झाली नाही. दुसऱ्या गावांतल्या बायका तो गोठा बघायला येऊ लागल्या. मी त्यांना आता पाण्याचा रंग दाखवत नसे. दोरीवर वाळणारी फडकी दाखवत असे. शिबिरातला तो जुना फोटो मी नंतर तीन वेगवेगळ्या शिबिरांत पुन्हा दाखवला, असं सांगून, की पाणी असं नको, आणि हे मला कसं कळलं तेही सांगून.

पुढं माझी बदली यवतमाळला झाली. यंदा निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्या गावात गेले. कोणाला कळवलं नव्हतं. गोठा वाढला होता, गाई मोजायला मी थांबले नाही. दोरीवर फडक्यांची लांब रांग होती, प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेगळा टाका. चांदी म्हातारी झाली आहे, दूध देत नाही. पण ती त्या गोठ्यातच असते, पहिल्या खुंट्याला. तिच्या दोन मुली शेजारी.

मामाजी चुलीपाशी खाटेवर होते. आता त्यांना नीट दिसत नाही. संध्याकाळच्या धारेची वेळ व्हायची होती. कोपऱ्यात गंज होता, तोच. मी जुन्या सवयीनं झाकण बाजूला करून पाण्यात बोट बुडवायला गेले.

"कोण हाय थे?" ते खाटेवरून ओरडले. "हात नको लावू त्याले. सकाळचं पाणी हाय. फेकाचं हाय थे."

मी म्हटलं, "मामाजी, मी. डॉक्टर मॅडम."

त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मग म्हणाले, "असान. तरीबी नका लावू."